सीताबर्डी नव्हे, धंतोली

वाहतूक पोलिसात नोकरी केली असं कळलं की माणसं आधी आपलं चालान सांगतात आणि मग स्वतःचं नाव. लग्नाच्या पंगतीत सांगतात, दवाखान्यात सांगतात. एकदा एका घरी मयताच्या तिसऱ्या दिवशी भेटायला गेले होते, तर तिथेही एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन मोबाइल पुढे केला. "हेल्मेट होतं डोक्यावर मॅडम, फोटोत दिसून नाही राहिलं." निवृत्त झाले, खाकी साड्या आणि शर्ट-पँट ट्रंकेत गेले, पण ही साडेसाती काही सुटलेली नाही. दिवाळी अंकासाठी 'काही मजेशीर अनुभव लिहून द्या' असा निरोप आला तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मजेशीर म्हणावेत असे अनुभव आहेत. फक्त ते येत होते तेव्हा मजा आली नव्हती.

नोकरीची बहुतेक वर्षं नागपुरातल्या चौकांत उभी राहून काढली. गुडघे गेले तेव्हा साहेबांनी दया दाखवली आणि मला ऑफिसातल्या एका खिडकीवर बसवलं. वर पाटी होती, 'ई-चालान तक्रार'. काचेला बोलण्यासाठी एक भोक होतं आणि ते बसलेल्या माणसाच्या उंचीचं होतं, म्हणजे माझ्या. बाहेरचा माणूस उभा. त्यामुळे पोलिसांविरुद्ध तक्रार करायला आलेल्या प्रत्येकाला आधी पोलिसांपुढे कमरेत वाकावं लागे. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, सुताराचं माप चुकलं होतं. पण लोक आल्या आल्या चिडून बोलत, त्याला निम्मं कारण ते भोक असावं असं माझं मत आहे.

आमचं काम बाहेरून दिसतं तेवढं गुंतागुंतीचं नाही. रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात एक मशीन असतं, मोबाइलसारखं. त्यावर तो गाडीचा फोटो काढतो, नंबर टाकतो, आणि गुन्हा व जागा या दोन गोष्टी तयार यादीतून निवडतो. बटण दाबलं की गाडीच्या मालकाच्या फोनवर मेसेज जातो. हे सगळं अंगठ्याने करायचं, उन्हात करायचं, आणि बाजूला गाडीवाला "कोणाचा माणूस आहे माहीत आहे का" म्हणत असताना करायचं. मग अंगठा घसरतो. पाचाचा सहा होतो, कारची दुचाकी होते. आणि ही चूक घेऊन माणूस माझ्या खिडकीशी येऊन वाकतो.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याला असंच चुकीच्या नंबरचं चालान गेलं. त्याचा ट्रॅक्टर म्हणे भर बाजारात सिग्नल तोडून गेला. बिचाऱ्याने विचार केला, पोलिसांना तोंडाने सांगून पटणार नाही, ट्रॅक्टरच दाखवू. पुरावा म्हणून तो ट्रॅक्टर चालवत नागपूरला निघाला. दिवसा शहरात ट्रॅक्टरला बंदी, म्हणून आमच्याच माणसाने त्याला चौकात थांबवलं आणि दुसरं चालान फाडलं. माझ्याकडे तो दोन्ही घेऊन आला. पहिलं मी रद्द केलं. दुसरं करता येईना, कारण ते बरोबर होतं. "म्हणजे मी खोटा होतो तवा घरी होतो, आन खरं सांगाले आलो त गुन्हेगार झालो," तो म्हणाला.

दुसरे एक होते, इस्त्रीच्या शर्टातले. धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत त्यांनी कार आडवी लावली होती. मागे रुग्णवाहिका अडकली, लोकांनी कार ढकलून बाजूला केली. पण चालानवर कारच्या जागी 'दुचाकी' असं पडलं होतं. त्यांनी कायद्याचे मुद्दे लिहून आणले होते. मुद्दे बरोबर होते, मी चालान रद्द केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी खाल्ले नाहीत, पण आमच्या ऑफिसात पेढे वाया जात नाहीत. रुग्णवाहिकेतल्या माणसाचं पुढे काय झालं, हे ना त्यांनी विचारलं ना मला कधी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक आम्हाला म्हणतात. खिडकीवर बसल्यावर चोराला सोडायचं कामही आपल्याच हाताने करावं लागतं.

तर सगळ्यांना एकच हवं असे, रद्द करा. इतक्या वर्षांत 'रद्द करू नका' म्हणणारा मला एकच भेटला. त्याचं नाव मंगेश समजा.

तिशीतला मुलगा, डोक्यावरचे केस नुकते वाढायला लागलेले. सीताबर्डीच्या, आमच्या बोलण्यात बर्डीच्या, बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला होता, गाव रामटेकच्या पलीकडे. तो वाकला आणि चालानच्या मेसेजचा आपल्या फोनवर काढून घेतलेला फोटो दाखवत म्हणाला, "मॅडम, दंड भरतो मी. गुन्हा कबूल आहे. फक्त हे सीताबर्डी काढा आन धंतोली लिहा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "गाडी धंतोलीत होती?"

"हाव."

"मग सोपं आहे. जागा चुकली असेल तर अर्ज दे, रद्द होऊन जाईल."

"रद्द नको मॅडम," तो म्हणाला. "रद्द केलं त भाऊ म्हणन, पैसे देऊन मिटवलं."

त्याच्या मागे रांग होती. मी त्याला आत बोलावून बाकावर बसवलं. तो तुकड्यातुकड्यांनी सांगत गेला. वडील धंतोलीत एका दवाखान्यात भरती होते. दिवसरात्र हाच त्यांच्यापाशी. मोठा भाऊ दिवाकर गावी शेत सांभाळून येऊन-जाऊन. एका सकाळी दिवाकर पहिल्या बसने आला, तेव्हा मंगेश त्याला म्हणाला, बस तू बाबाजवळ, मी गाडी हलवून येतो. त्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला समोरच्या बाजूला. नाहीतर आमची माणसं येतात.

"रोजच हलवत होतो मॅडम. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्या दिवशी जागाच भेटून नाही राहिली. गल्लीला चकरा मारल्या, मग एक स्कूटी निघाली तिथं घुसवली. वर गेलो त बाबा गेले होते."

मी पाणी दिलं.

गाडी वडिलांच्या नावावर, पण कागदपत्रांत फोन नंबर दिवाकरचा. त्यामुळे मेसेज गेला दिवाकरला. तेरवी व्हायच्या आधीच त्याने तो वाचला. नो पार्किंग, सीताबर्डी, आणि वेळ नेमकी ती, ज्या वेळी वडील जात होते. मंगेशचं दुकान सीताबर्डीला. दोन आणि दोन चार करायला दिवाकरला वेळ लागला नाही. त्याने चारचौघांत, आईसमोर विचारलं, बाप मरून राहिला होता तवा तू दुकानात हजेरी लावाले गेला होता काय? मंगेश धंतोली म्हणत राहिला. दिवाकरने फोन सगळ्यांना दाखवला. पोलिसांचा मेसेज कशाला खोटं बोलेल?

"तेव्हापासून भाऊ बोलत नाही. आईही..." त्याने फोन खिशात टाकला. "आई बोलते, पण माह्याकडे पाहून नाही बोलत."

सरकारी मशीनवर लोकांचा एवढा विश्वास असतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो नको तिथे होता.

मी निरीक्षक साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "रद्द करा आणि मोकळ्या व्हा. त्याचाही फायदा, आपलाही." मी म्हटलं, त्याला दुरुस्ती हवी आहे. साहेब म्हणाले, "दुरुस्तीचं बटण आहे का?" नव्हतं. संगणकावर दोनच बटणं होती, एक चालान कायम ठेवायचं आणि एक रद्द करायचं. 'आमचं चुकलं, पण गुन्हा खरा' यासाठी बटण करावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

मग मी बावणेला गाठलं. चालान त्याने केलं होतं. पंचेचाळिशीचा हवालदार, कामसू आणि तोंडाने जरा फटकळ. चहा पाजून विचारलं. तो लगेच म्हणाला, "ताई, सकाळी मी बर्डीवरच होतो. मंग वायरलेसवर आलं, धंतोलीत गाड्या लागल्या, जा. गेलो. यादीत जागा बदलवाची राहून गेली असन." मशीनची ही खोड आम्हा सगळ्यांना माहीत होती. एकदा निवडलेली जागा आपण बदलेपर्यंत तशीच राहते. माणूस चौक सोडून जातो, मशीन तिथेच उभं असतं.

"हे लिहून दे," मी म्हटलं.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "लिहून नाही देत ताई. त्या दिवशी धंतोलीत मी किती फोटो मारले असतील? सगळ्यांवर बर्डीच पडलं असन. मी एक कागद देला त सगळे उद्या तुमच्या खिडकीवर. वरून मले मेमो. बढतीची यादी लागून राहिली आहे, माहीत आहे ना तुम्हाले?"

माहीत होतं. त्याचं चूक होतं असंही मला म्हणवेना. नोकरी प्रत्येकालाच करायची असते. मी सांगितलं, कागद नको, त्या मोठ्या भावासमोर उभा राहून तोंडाने सांग. त्याने उरलेला चहा संपवला आणि तो म्हणाला, "तोंडी सांगतो. काहून नाही सांगणार."

राहिला दिवाकर. मंगेशच्या बोलावण्याने तो येणार नव्हता. मी ऑफिसच्या फोनवरून त्याला फोन लावला आणि ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, तुमच्या नंबरवर चालान आहे, खुलाशासाठी हजर व्हा. धाक दाखवायचा मला कंटाळा होता. पण काही माणसं मायेने बोलावली तर येत नाहीत, पोलिसांनी बोलावली तर येतात.

तो आला. उन्हाने रापलेला, मंगेशपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा, त्याचेही केस कापलेले. भाऊ बाकावर बसलेला दिसला तसा तो दाराशीच थांबला. "याले वाचवाले बोलावलं का मले?"

"बसा," मी म्हटलं. तो बसला नाही.

बावणेने आपलं वचन पाळलं. त्याने सरळ सांगून टाकलं, दादा, मी धंतोलीत होतो, जागा चुकीची पडली, माझ्या हातून राहून गेलं. दिवाकरने ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सारे एकाच घरचे. आज धंतोली म्हणता, उद्या मुंबई म्हणान." बावणेचा चेहरा पडला. खोटं बोलल्यावर लोकांचा विश्वास बसतो आणि खरं सांगायला गेलं की असं होतं, हा अनुभव आमच्या खात्यात नवा नाही.

मग मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. मेसेजमध्ये फोटो नीट दिसत नाही, नंबरप्लेट तेवढी दिसते. आमच्याकडे पूर्ण फोटो असतो. मोटारसायकलचं मागचं चाक, त्यामागे फुटपाथची कड, आणि कोपऱ्यात अर्धवट आलेली एक शहाळ्याची हातगाडी. हातगाडीचं एक चाक मोडकं, खाली दोन विटा लावलेल्या.

दिवाकर वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"हा त थोच शहाळेवाला आहे," तो अखेरीस म्हणाला, पण आमच्याशी नाही. "बसमधून उतरून आलो त दवाखान्यासमोर याच्यापासूनच घेतलं होतं पाणी. बाबासाठी. याची गाडी विटांवर होती, मी म्हटलंही त्याले, पडन गा हे." मग बाकाकडे वळून मंगेशला विचारलं, "इथं होता तू?"

"इथंच होतो भाऊ."

"एवढ्या जवळ?"

"हाव."

दिवाकर खाली बसला, बाकावर नाही, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत. त्याने डोक्यावरून हात फिरवला. नाटकात होतं तसं काही झालं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईले मी सांगतो. माह्या तोंडानंच सांगतो." मंगेशने मान हलवली आणि उठून, दंड भरून येतो, म्हणत बाजूच्या खिडकीकडे गेला. मी म्हटलं, अरे, आता रद्द करू, काही अडत नाही. पण त्याने ऐकलं नाही. बावणेही चौकात जायचं म्हणून निघून गेला.

आम्ही दोघंच राहिलो. दिवाकर अजून फोटोच पाहत होता. "मॅडम, गाडी त बराबर रांगेत लावली दिसते. मंग गुन्हा काय?"

"बाजू चुकली. पहिली तारीख होती. विषम. त्याने सम बाजूला लावली."

"रोज त बदलवत होता थो. काल इकडे त आज तिकडे."

"हो," मी म्हटलं आणि थांबायला हवं होतं तिथे थांबता आलं नाही. त्याने विचारलंच असतं. "आदला दिवस एकतीस होता. तोही विषमच. एकतीसनंतर एक येते, दोन दिवस लागोपाठ एकच बाजू. पुष्कळ लोक फसतात. महिना बदलला की आमची मशीनं भरून येतात."

शेतकरी माणूस, तारखा-तिथींत मुरलेला. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे गाडी होती तिथंच राहू देली असती त..."

"चाललं असतं."

बाजूच्या खिडकीवर मंगेश पैसे मोजून देत होता, पाठमोरा. दिवाकर त्याच्याकडे पाहत राहिला. मग आवाज खाली करून बोलू लागला. "बाबा त्याचंच नाव घेऊन राहिले होते, मॅडम. मंग्या आला का, मंग्या आला का. मी म्हटलं, येते, गाडी लावून येते. तेवढ्यात..." मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत बसले. पुरुषमाणूस रडतो तेव्हा कुठे पाहावं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत जमलेलं नाही.

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "हे त्याले सांगू नका," तो म्हणाला. "गाडी हलवाची गरज नव्हती हे. जन्मभर घोर लावून घेईन थो."

"नाही सांगत."

"बर्डीवर गेल्ता म्हणून मी त्याले काय काय बोललो. आता हे नाही कळलं पाहिजे त्याले."

"नाही कळणार," मी म्हटलं.

तो उठला, मला नमस्कार केला आणि खाली गाडीपाशी थांबतो म्हणून जिना उतरून गेला. मला त्या क्षणी समाधान वाटायला हवं होतं. एक चालान निकाली निघालं, एक घर जोडलं गेलं. पण मला फक्त थकल्यासारखं वाटत होतं, दिवसभर चौकात उभं राहिल्यावर वाटायचं तसं. नियम आम्हीच करायचे, पाट्याही आम्हीच लावायच्या, आणि त्या पाळायला धावलेल्या माणसाचा बाप तेवढ्यात जायचा. यात कुणाला दोषी धरायचं? एकतीस तारखेला?

मंगेश पावती घेऊन आला. आभार मानले, जायला वळला आणि पुन्हा माझ्या टेबलापाशी आला. भाऊ खाली गेलेला आहे ना, याची त्याने दाराकडे पाहून खात्री केली.

"मॅडम, एक विचारू का? या पावतीवर सम-विषमचं काही लिहून येते का? कोणत्या तारखेले कोणती बाजू, असं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. पावतीची घडी तो बोटांनी दाबून दाबून पक्की करत होता.

"नाही म्हणजे, भाऊ हिशेबाचा पक्का आहे," तो म्हणाला. "गाडी हलवाची गरज नव्हती, हे त्याच्या ध्यानात येईन. मले पहिल्याच रात्री आलं होतं. त्याले नको कळाले."

"पावतीवर फक्त कलम आणि रक्कम असते," मी त्याला सांगितलं.

आणि ते खरंच होतं.